आप्पांची पेटी, आज्जीची पत्रं : वाचकांचे प्रश्न आणि बाईंची उत्तरं

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर मी माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीबद्दल लिहिलं होतं. काळी पेटी, वर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, रँक, नाव आणि खाली एएससी, म्हणजे फौजेचं रसद-वाहतूक खातं. आत एक डायरी, तिच्यात त्यांनी फक्त गाड्यांचे नंबर, डिझेल आणि किलोमीटर लिहिलेत, माणसाबद्दल एक ओळ नाही. आणि ते गेल्यावर मला कळलं की त्यांचा आवाजसुद्धा माझ्याकडं कुठं साठवलेला नाही. एवढंच लिहिलं होतं, पण त्यावर सातारा-सांगलीकडून इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं पान सगळं फौजीच्या घरांनाच दिलंय. कुणाची नावं छापत नाही, गाव तालुक्यावरून ओळखायचं ते ओळखतीलच म्हणा.

प्रश्न : बाई, आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ७१ च्या लढाईत होते. वय पंच्याहत्तर. गावात सगळे मेजर म्हणतात पण रिटायर नायक झाले. मी पुण्यात जॉबला असतो, दरवर्षी दिवाळीत ठरवतो की यंदा सगळं रेकॉर्ड करायचं. मोबाईल पुढं धरला की आप्पा म्हणतात, "गेलो, लढलो, आलो. काय सांगायचं त्यात?" फार तर "जमालपूरला थंडी लय होती" एवढं. यांना बोलतं कसं करायचं?
(एक नातू, ता. कोरेगाव)

उत्तर : अरे बाळा, "जमालपूरला थंडी लय होती" यात त्यांनी निम्मं सांगून टाकलंय की, तुला कळलं नाही एवढंच. जमालपूर म्हणजे आत्ताच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेच्या काठाला. तिथं १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, नदी ओलांडून गावाच्या मागं रस्ता अडवून बसली होती आणि १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची ३१ बलुच पलटण तो रस्ता फोडून ढाक्याकडं निघायला आली, रात्रभर ती झुंज चालली, दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं आणि पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाका. आप्पा त्याच पलटणीत असतील तर ती थंडी म्हणजे खंदकात बसून काढलेली ती रात्र असणार. वीस एकवीस वर्षांचं पोरगं होतं ते तेव्हा, तुझ्यापेक्षा लहान.

पण हे सगळं वाचून जाऊन त्यांच्यापुढं परीक्षक होऊन बसू नकोस. पहिली चूक सगळे हीच करतात, "लढाई सांगा" म्हणतात. लढाई कुणाला अशी सांगता येत नाही. तू भरतीपासून धर. भरतीला कोण कोण गेलेले, छाती मोजताना काय झालं, घरात सांगून गेले का पळून, मिरजेत गाडी बदलून बेळगावला पोचले तेव्हा खिशात किती पैसे होते, केस कापल्यावर आरशात बघून काय वाटलं, बूट कुठं चावला, लंगरमधला पहिला वरण-भात कसा होता, उस्ताद कुठला होता आणि शिव्या कुठल्या भाषेत द्यायचा. शिव्यांवर तर दोन तास निघतात, हसू नकोस, खरंच निघतात.

आणि हाताला काहीतरी द्यायचं. खटाव तालुक्यातले एक हवालदार मला तीन वेळा "पुढच्या वेळी बघू" म्हणाले होते. चौथ्यांदा गेले तेव्हा मी सहज विचारलं की तुम्ही लोक होल्डॉल बांधायचा कसा हो, आमच्या वडिलांनी बांधलेला कधी सुटायचा नाही. म्हातारा उठला, सुनेला सोलापुरी चादर आणायला लावली, पडवीत गुडघ्यावर बसला आणि कोपरा कोपरा दाबत घडी घालायला लागला. तळहातानं एकेक सुरकुती मारत होता. आणि घडी घालता घालता, माझ्याकडं न बघता, ज्या रात्री त्यांना एकदम निघायचा हुकूम आला ती रात्र सगळी सांगून मोकळा झाला. शेजारच्या बिस्तऱ्याचा मालक कोण होता आणि त्याचा बिस्तरा परत कुणी बांधला, ते पण. मी एक शब्द विचारला नाही. सून दारात उभी होती, लग्नाला सव्वीस वर्षं झाली तिच्या, तिनं हे पहिल्यांदा ऐकलं.

तर आप्पांची पेटी उघडायला सांग. एकेक वस्तू बाहेर काढायची आणि "हे काय?" एवढंच विचारायचं.

मध्ये गप्प झाले तर गप्प राहू दे. आपल्याला घाई असते शांतता भरायची, लगेच "मग पुढं?" करतो आपण, त्यानं धागा तुटतो. डोळ्यात पाणी आलं तर मोबाईल बंद करू का असं विचार आणि ते म्हणतील तसं कर. तारीख चुकली, गावाचं नाव चुकलं तर टेपवर दुरुस्त करायचं नाही, वहीत वेगळं लिहून ठेव. मेलेल्या सोबत्याचं नाव आलं तर ते मात्र तिथंच नीट विचारून घे, नाव, गाव, जमलं तर नंबर. दिल्लीला २०१९ पासून राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, तिथं त्याग चक्राच्या भिंतींवर २५ हजारांवर नावं कोरलीत, आप्पांना एकदा घेऊन जा आणि ते नाव शोधून दे. पैसे पाठव म्हणत नाहीयेत ते तुला, एवढं तरी कर.

आता मशिनीचं. मोबाईल फ्लाइट मोडवर टाक नाहीतर मधेच लोनवाल्याचा फोन येतो. पंखा बंद. टेबलावर फोन ठेवलास तर कप ठेवल्याचा आवाज तोफेसारखा येतो, खाली टॉवेलाची घडी ठेव. सकाळी चहा झाल्यावर, चाळीस मिनिटांच्या वर नाही. फाइलला नाव आणि तारीख त्याच दिवशी दे, आणि दोन ठिकाणी कॉपी, एक तुझ्याकडं एक बहिणीकडं. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठव नाहीतर बारीक होऊन जातात. आणि आप्पा मराठीत मधेच फौजी हिंदी बोलतील, "उधर से फायर आया ना" वगैरे, ते लिहून काढताना शुद्ध करू नकोस, हात जोडून सांगते.

प्रश्न : माझे मिस्टर आर्टिलरीत हवालदार होते, मागच्या वर्षी वारले. फॅमिली पेन्शन अजून चालू झाली नाही. फौजेच्या कागदात माझं नाव वेगळं आहे आणि आधारवर वेगळं. बँकेत गेलं की म्हणतात नाव जुळत नाही, एक एजंट म्हणतो पंचवीस हजार द्या करून देतो. मुलगा लहान आहे. काय करू?
(एक भगिनी, ता. जत)

उत्तर : ताई, आधी एजंटला घरचा रस्ता दाखवा. एक रुपया द्यायचा नाही आणि ओरिजिनल कागद तर त्याच्या हातात अजिबात द्यायचे नाहीत. पंचवीस हजार रुपयांत तो जे करणार ते काम तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फुकट होतं, सांगलीला आहे ते, आणि त्यांचं कामच ते आहे.

हा नावाचा घोळ आपल्याकडं घराघरात आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, नवऱ्यानं युनिटला जाऊन ते नाव नोंदवलं, पार्ट टू ऑर्डर झाली, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला ते चढलं. इकडं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, त्यावरून आधार निघालं. माणूस जिवंत असेपर्यंत कुणाला काही अडत नाही. कुणाचीच चूक नाही त्यात, पण भोगायला बाईलाच लागतं, दुसरं काय.

तुम्ही काय करा, मिस्टरांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, शाळेचा दाखला असला तर तो, लग्नाचा पुरावा, पासबुक, मुलाचा जन्मदाखला, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जा. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं ॲफिडेव्हिट लागेल. कार्यालयातले लोक तोफखान्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे नाशिक रोडला, पत्र पाठवतील. तिथून दुरुस्ती होऊन प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसातून सुधारित पीपीओ निघतो आणि आता हे सगळं स्पर्श या ऑनलाइन सिस्टिमवर दिसतं. एक लक्षात ठेवा, कुणी सांगितलं म्हणून लगेच आधारवरचं नाव बदलायला पळू नका. कुणाला नुसतं ॲफिडेव्हिट चालतं, कुणाला गॅझेट मागतात, तर आधी रेकॉर्ड ऑफिसला नक्की काय हवंय ते लेखी येऊ द्या. नाहीतर आधार बदललं की बँक अडते, बँक केली की रेशनकार्ड अडतं, माझ्या मावसबहिणीचं असंच वर्षभर चाललं होतं.

अर्ज दिला की पोच शिक्का मारून घ्या. आणि पेन्शन चालू झाली की मागची थकबाकी पण मिळते, ती तारखेपासून आली का बघा. मुलाच्या शिक्षणाच्या अनुदानाचं पण त्याच टेबलावर विचारा, त्याच फेरीत.

अजून एक. ते ॲफिडेव्हिट करताना वकिलाला तुम्ही सांगालच की लग्न कधी झालं, नाव कुणी ठेवलं, ते किती दिवसांच्या सुट्टीवर आले होते. संध्याकाळी तेच मुलाला पण सांगा आणि वहीत लिहायला लावा. त्याच्या वडिलांची गोष्ट तिथून सुरू होऊ शकते.

प्रश्न : सांगलीत गावभागात घर आहे. २०१९ च्या महापुरात वडिलांचं सगळं भिजलं. डिस्चार्ज बुकाची पानं चिकटलीत, फोटोंचा गठ्ठा झालाय, दोन मेडलं आहेत. वडील २००८ साली गेले, ते सिग्नल्समध्ये होते एवढंच माहिती. नंबर पण कुणाला आठवत नाही. आता काही होईल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या पुढं पाणी गेलेलं ते साल, किती घरांचे कागद कृष्णामाईनं नेले असतील देव जाणे. पण तुमच्याकडं मेडलं आहेत म्हणजे काम झालं समजा. मेडल हातात घ्या, चेहऱ्याकडं बघू नका, कड बघा, नाण्याला जिथं दाते असतात ती. भिंग घ्या आणि बॅटरी तिरकी धरा. नंबर, रँक, नाव, युनिट कडेला बारीक कोरलेलं असतं. स्टार असला तर मागच्या बाजूला बघा. आणि कृपा करून पितांबरी लावू नका! दरवर्षी दसऱ्याला घरातल्या बायका भक्तिभावानं मेडल घासतात आणि दहा वर्षांत नंबर घासून सपाट. मी स्वतः लहानपणी चिंच लावून घासलंय, वडील काही बोलले नाहीत पण नंतर मेडल कपाटाच्या वरच्या खणात गेलं.

नंबर मिळाला की जबलपूरला सिग्नल्स रेकॉर्डला पत्र टाका, सैनिक कल्याण कार्यालयामार्फत टाकलं तर उत्तम. पत्रात नंबर, नाव, गाव, अंदाजे भरती आणि रिटायरमेंटचं साल, तुमचं नातं, आणि पुरात कागद गेल्याचा पंचनामा किंवा पोलिसांकडची नोंद जोडा. नोकरीचा तपशील मिळू शकतो, कुठं कुठं पोस्टिंग, कुठले कोर्स. आईची फॅमिली पेन्शन चालू असेल तर तिच्या पीपीओवर पण नंबर असणारच, तो आधी बघा. लोक अख्खं घर शोधतात आणि पीपीओ देवघराच्या मागं असतो.

फोटोंचं जपून. कोरडे चिकटलेले ओढून सोडवायला जाऊ नका, चित्र दुसऱ्या फोटोच्या पाठीवर जातं. आधी पाठीमागं शाईनं काही लिहिलंय का बघा, असलं तर ते उतरवून घ्या. मग त्यातला एक कमी महत्त्वाचा फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवून बघा, आपोआप सुटत असला तरच पुढचे घाला, आणि सावलीत पालथे न घालता वाळवा. काचेला चिकटलेला असला तर तसाच राहू द्या, खिडकीजवळ तिरका धरून काचेवरूनच फोटो काढा. डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन अजिबात नको. दुकानदार लगेच म्हणेल करून देतो, नाही म्हणा.

प्रश्न : चुलते सात वर्षं फौजेत होते, घरच्या अडचणीमुळं सोडून आले, पेन्शन नाही. आता ७२ वय, एकटेच आहेत. त्यांना काही मिळतं का? ते म्हणतात मी कसला माजी सैनिक.
(एक पुतण्या, ता. माण)

उत्तर : मिळू शकतं. संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून ज्यांना पेन्शन नाही, वय ६५ च्या वर आहे, उत्पन्नाचं साधन नाही आणि रँक हवालदारापर्यंतची आहे त्यांना महिन्याला अनुदान असतं, आधी ४ हजार होतं, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८ हजार केलंय. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर भरायचा आणि साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून जातो. डिस्चार्ज कसा झाला होता त्यावर बरंच अवलंबून असतं म्हणून पुस्तक घेऊनच जा. आणि "मी कसला माजी सैनिक" हे वाक्य रेकॉर्ड करून ठेव, त्याच्या पुढं "का हो काका?" एवढंच विचार.

प्रश्न : मिस्टर मागच्या जूनमध्ये पेन्शनीत आले, वय ४१. वीस वर्षं ते सुट्टीला येत होते तेव्हा घरात सण असायचा. आता पहाटे चारला उठतात, पोरांना साडेपाचला अंघोळीला पाठवतात, चपला एका रेषेत नसल्या की आरडाओरडा. सासूबाई म्हणतात लेक बदलला. रात्री झोप नाही, दिवाळीत फटाके सुरू झाले की मागच्या खोलीत दार लावून बसायचे. कॅन्टीनची बाटली रोजची झालीय. ऐकायला गेलं तर "तुला काय कळतंय" म्हणतात. मी शिवणकाम करते. कुणाला सांगू?
(एक ताई, सातारा शहर)

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण हे कितीतरी फौजींच्या घरात थोडंफार असतं आणि कुणी बोलत नाही. फौजीनं रडायचं नसतं ना आपल्याकडं, त्याच्या बायकोनं तर मुळीच नाही.

वीस वर्षं तुम्ही घर एकटीनं चालवलंत. गॅस कधी बुक करायचा, पोराच्या कुठल्या सरांना भेटायचं, सासूबाईंची गोळी कुठली, सगळं तुम्हाला माहिती. ते घरात आले आणि त्यांना दिसलं की इथं आपल्यावाचून सगळं चालतं. तिकडं वीस माणसं त्यांच्या हुकुमावर उठायची, इकडं चप्पलसुद्धा सरळ होत नाही! माझे वडील आले तेव्हा मी नववीत होते, ते आईच्या डब्यांवर नंबर टाकायला लागले होते, डाळ एक, डाळ दोन. आईनं आठ दिवस सहन केलं आणि मग एकदा सगळे डबे त्यांच्या पुढं ठेवून म्हणाली, "आजपासून स्टोअर तुमचं." किराणा, दळण, रॉकेल सगळं त्यांच्याकडं दिलं. त्यांनी त्याचं पण रजिस्टर केलं, पण घर शांत झालं. सांगायचं म्हणजे एखादं पूर्ण खातं त्यांना देऊन टाका आणि मग त्यात आपण बोट घालायचं नाही, पोरं सोडून दुसरं कुठलंही.

पण झोप, फटाके आणि दारू हे डब्यांवर भागणारं नाही. तिथं डॉक्टर लागतो. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच, त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये झोपेची तक्रार म्हणून न्या, "मानसिक" हा शब्द पहिल्या दिवशी काढायलाच पाहिजे असं नाही, झोप लागत नाही हे कुठल्याही फौजीला कबूल करायला कमीपणाचं वाटत नाही. बोलायचंच असेल तर टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्यांचा वेगळा कक्ष आहे. घरचे म्हणजे तुम्ही पण. ते नाही म्हणाले तरी तुम्ही स्वतःसाठी फोन करा. आणि हात उचलायला लागले तर मग हे सगळं बाजूला ठेवून आधी माहेरी किंवा पोलिसात, तिथं फौजी-बिजी काही बघायचं नाही.

कामाचं म्हणाल तर एक्केचाळीस म्हणजे काहीच वय नाही. राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा असतात, वय पण शिथिल असतं. मेस्को म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ, त्यांच्याकडून सिक्युरिटीची कामं मिळतात, ती पण बघा, पण ज्यांनी रडार नाहीतर जनरेटर सांभाळलाय त्यानं गेटवर बसून गाडी नंबर लिहिणं मला स्वतःला आवडत नाही, हे माझं मत. नोकरीत जे केलं त्याचं नागरी सर्टिफिकेट काय मिळतं ते आधी विचारा. आणि ग्रॅच्युइटीचे पैसे पाहुण्याच्या प्लॉटिंगमध्ये गेले नाहीत ना? गेले असतील तर मला वेगळं पत्र लिहा.

त्यांच्या आठवणी लिहायचं आत्ता काढू नका. जखम ओली आहे अजून. हल्लीच्या पोस्टिंगचं तर ते काही सांगणार नाहीत आणि सांगू पण नये, पोरांनी स्टेटसला टाकलं म्हणजे आली का पंचाईत. नुसतं बघत राहा, एखाद दिवशी रस्त्यावर काळी पत्र्याची पेटी घेऊन चाललेलं भरतीचं पोरगं दिसेल आणि ते आपणहून काहीतरी बोलतील. तेवढं ऐका.

प्रश्न : आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या भिंतीत इंग्रजी अक्षरांची फरशी आहे, १९१४ ते १९१९ च्या लढाईत गावातून किती गेले, किती मेले असा आकडा आहे, नावं नाहीत. मंडळानं यंदा ऑइलपेंट मारून नीट करायचं ठरवलंय. नावं कुठं मिळतील?
(एक कार्यकर्ता, ता. पाटण)

उत्तर : ऑइलपेंट मारू नका!! आधी हे. ब्रशनं पाणी मारायचं, रात्री बॅटरी बाजूनं तिरकी धरायची आणि फोटो काढायचा, पुसट अक्षर पण उठून दिसतं.

अशा फरशा आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांत आहेत. मिलिटरी अपशिंग्याचं तर नावच गावातल्या फौजींवरून पडलं, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. तुमच्या गावचे बहुतेक मराठा पलटणींतून गेले असणार, तेव्हा त्यांना आकडे होते, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७, आणि त्यातले कितीतरी मेसोपोटेमियात गेले म्हणजे आत्ताचा इराक. १०३ मराठा तर तिथल्याच कुत गावाच्या वेढ्यात अडकलेली, डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत, शेवटी घोडी कापून खायची वेळ आली आणि जे वाचले ते तुर्कांच्या कैदेत गेले.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट फुकट आहे, तिथं बसरा मेमोरियल निवडायचं, पलटणीचा आकडा टाकायचा आणि पुढच्या माहितीत सातारा शोधायचं. फ्रान्समध्ये गेलेले तिथल्या न्यूव्ह शापेल स्मारकाच्या यादीत बघा. बापाचं नाव आणि गाव पण बऱ्याच ठिकाणी दिलेलं असतं, फक्त साहेबानं ऐकलं तसं लिहिलंय, शिंद्यांचं सिंदे, गावाचं तर ओळखू येणार नाही असं काहीतरी, म्हणून मोठ्यानं वाचून बघा, डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतं. मग त्या घराण्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कुणाच्या तरी घरात अजून "बसऱ्याला गेलेला" म्हणून एक माणूस असतो ज्याच्या नावानं पितरांना घास ठेवतात आणि बसरा कुठं आहे ते कुणाला ठाऊक नसतं.

प्रश्न : आजोबा गेले. आज्जी आहे, ८१ वर्षांची. तिची पण गोष्ट लिहायची का? ती तर फौजेत नव्हती.
(एक नात, ता. खानापूर)

उत्तर : लिही, आणि उशीर करू नकोस.

मी पाचवी सहावीत असताना आमच्या आळीतल्या बायकांची पत्रं वाचून दाखवायचे. निळी इनलँड, पत्ता ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ, फौजेच्या पोस्टाचा नुसता नंबर, म्हणजे माणूस नक्की कुठं आहे ते कळायचंच नाही, पश्चिमेला की पूर्वेला एवढा अंदाज. ओसरीवर चार पाच जणी बसायच्या. "मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे" इथपर्यंत मी मोठ्यानं वाचायचे. पुढं कधी कधी असं काही यायचं की मला वाचायला लाज वाटायची, मग मी अडखळले की त्या बाईला कळायचं, ती पत्र माझ्या हातातून काढून घ्यायची आणि चोळीत घालायची. वाचता येत नव्हतं तिला. ७१ च्या डिसेंबरात दोन आठवडे पत्रच आलं नाही कुणाला. रोज दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला सगळ्या जणी काही ना काही निमित्तानं पाराजवळ असायच्या, कुणी पाण्याला, कुणी शेळी शोधायला. आमची आई शेळी शोधायला जायची. आमच्याकडं शेळी नव्हती.

आज्जीला विचार पत्र कोण वाचून दाखवायचं. मनीऑर्डर किती यायची आणि सही करायची की अंगठा. सुट्टी संपून ते निघाले की एसटीपर्यंत जायची का घरातूनच बघायची. पहिलं मूल झाल्याचं त्यांना किती दिवसांनी कळलं. आणि ती पत्रं तिनं ठेवली असतील तर रबरबँड काढून टाक, जुना रबर वितळून कागदाला चिकटतो, सुती दोरा बांध. वाचायची तिची परवानगी घेऊन, आणि ती म्हणाली की हे एक नको, तर ते एक नाही.